फ्रीजरमधले चारशे एकोणतीस कोटी अंश

मंगळवारी सकाळी बुरुलच्या पडद्यावर एकतीस वॉर्निंग आल्या आणि तिची मोठी पंचाईत झाली.

एरवी वॉर्निंग आल्या म्हणून सोव्हेतबेक अगायच्या कार्यशाळेत कुणाचं काही अडत नसे. त्या रोजच येत आणि पडद्यावरून वर सरकून जात. अगाय म्हणजे मास्तर. सव्वीस वर्षं त्यांनी काराकोल गावच्या तंत्रशाळेत शिकवलं, अर्ध्या गावाला संगणक दाखवला तो त्यांनीच, त्यामुळे नोकरी सुटली तरी 'अगाय' काही सुटलं नाही. हालिमा एजेच्या, म्हणजे हालिमाताईंच्या, खाणावळीवर दोन खोल्या घेऊन त्यांनी ही कार्यशाळा थाटली होती. जिन्यातून वर दिवसभर आशल्यान-फूच्या, म्हणजे गार रश्शातल्या शेवयांच्या, व्हिनेगरचा आणि मिरचीचा वास येई. बुरुल त्यांची जुनी विद्यार्थिनी. राजधानीतली, बिश्केकची नोकरी सोडून ती सहा महिन्यांपूर्वी गावी परतली होती आणि आता अगायच्या हाताखाली काम करत होती.

इथे मोजमाप करणाऱ्या पेट्या बनत. पेटीत एक चिमुकला संगणक, त्याच्या पोटात कर्नल, म्हणजे सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम. बाहेरची तार, दिवा, तापमापक यांच्याशी कर्नलची ओळख करून द्यायला एक छोटा तुकडा लिहून त्यात बसवावा लागतो, तो मॉड्यूल. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. साफ चुकलं असेल तर तो काम थांबवतो. नुसता संशय आला तर वॉर्निंग देतो. वॉर्निंग म्हणजे घरातल्या जाणत्या माणसाचं 'बघ हं'. आणि 'बघ हं' ऐकून किती जण खरोखर बघतात, ते मी सांगायला नको.

या वेळी मात्र मामला वेगळा होता. पेटीतल्या संगणकाच्या नव्या बोर्डाबरोबर नवा कर्नल आला होता, आणि बोर्डवाल्यांनी त्यात कंपायलरला अगदी कडक करून ठेवलं होतं. एक जरी वॉर्निंग आली तरी ती चूक समजायची, मॉड्यूल बांधायचंच नाही. एकतीस वॉर्निंग आल्या आणि मॉड्यूल काही हाती आलं नाही.

शुक्रवारी पेटी चोन-अशू घाटात जायची होती. ऑक्टोबर लागला होता, वरच्या वळणांवर पहाटे बर्फाची काच धरायला लागली होती. रस्त्याचं तापमान शून्याखाली गेलं की घाटाच्या पायथ्याशी लाल दिवा लागणार, त्याखाली आकडा दिसणार आणि गाड्या थांबून चाकांना साखळ्या बांधणार, एवढंच त्या पेटीचं काम. बुरुलचे वडील कासिमाली दर शनिवारी त्याच घाटातून कोळशाचा ट्रक नेत. मागच्या हिवाळ्यात एका वळणावर त्यांचा ट्रक आडवा झाला होता आणि देवाच्या कृपेने कड्याऐवजी दगडाला टेकला होता. पेटीचं कळल्यापासून ते सगळ्या ड्रायव्हरांना सांगत सुटले होते. घरी जेवताना लेकीलाही म्हणाले होते, "दिवा लागला तर मी थांबेन. नाही लागला तर थांबणार नाही. खिडकीतून मान काढून रस्ता बघायचे दिवस गेले आता."

बापाने हे हसत सांगितलं होतं. बुरुल मात्र हसली नव्हती.

तिने अगायना एकतीस वॉर्निंगचं सांगितलं, तेव्हा ते एका उघड्या पेटीवर ओणवे होऊन स्क्रू पिळत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"वॉर्निंग म्हणजे माझी सासू," ते म्हणाले. "दिवसभर बोलत असते, पण कामाला कधी नाही म्हणत नाही."

"अगाय, या वेळी सासूबाई दारातच आडव्या पडल्यात. आत जाऊच देत नाहीत."

"मग कडकपणाची कळ बंद कर. एका ओळीचं काम. शुक्रवार तोंडावर आलाय, पोरी."

बुरुल 'बरं' म्हणाली. अगायना 'नाही' म्हणायची रीत काराकोलमध्ये नव्हतीच. त्यांच्यासमोर चहाचा पेलासुद्धा उजव्या हाताने, डावा हात छातीशी धरूनच पुढे करायचा. पण जागेवर जाऊन तिने ती कळ काही बंद केली नाही. घाटात बापाचा ट्रक चालणार होता. ती वॉर्निंग वाचायला बसली.

पहिल्यांदाच कुणीतरी त्या कंपायलरचं मन लावून ऐकत होतं. एका ठिकाणी तो म्हणत होता, हा अंक तू घेऊन ठेवलास खरा, पण वापरलास कुठे? दुसरीकडे, तू तापमापकाला प्रश्न विचारलास आणि उत्तर न ऐकताच पुढे निघालीस. आणखी कुठे, लांब आकड्याला आखूड जागेत कोंबतेस, कापला गेला तर मला बोलू नकोस. बुरुलला गंमत वाटायला लागली. तो बडबड करत नव्हता. जागा सांगत होता, ओळीचा क्रमांक देत होता, कशाशी काय जुळत नाही ते दाखवत होता. एवढं धड बोलणारं माणूस त्या इमारतीत एकच, आणि ते खाली खाणावळ चालवत होतं. बिनकामाच्या वॉर्निंग तिने चटकन झाडून काढल्या. जिथे उत्तर न ऐकताच पुढे गेलं होतं तिथे ऐकायची सोय केली. तापमापकाची तार तुटली असती तर ते कुणाला कळलंच नसतं, हे तिथे तिच्या ध्यानात आलं. बुधवारी दुपारपर्यंत तीस वॉर्निंग निकालात निघाल्या.

एकतिसावी वाचून ती आधी मोठ्याने हसली. कंपायलर म्हणत होता, दोनशे बाराव्या ओळीतली ही अट कधीच खरी ठरणार नाही. दोनशे बारावी ओळ होती, तापमान शून्याखाली गेलं तर दिवा लाव. म्हणजे चोन-अशू घाटात तापमान शून्याखाली जात नाही, असं हे महाशय सांगत होते! जानेवारीत तिथे ट्रकमधलं डिझेल घट्ट होतं, ड्रायव्हर टाकीखाली स्टोव्ह धरतात.

मग तिचं हसू मावळलं. तिने प्रोग्राममध्ये वर जाऊन पाहिलं की तापमान ठेवायचं कशात आहे. चाळिसाव्या ओळीत अगायनी तापमानासाठी जो कप्पा केला होता, त्यात शून्य आणि त्याच्या वरचेच आकडे मावत होते. उण्या आकड्यांना त्यात जागाच नव्हती.

अगायनी असं का केलं, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. हे मॉड्यूल मुळात चौदा वर्षांपूर्वी इसिक-कुल तळ्याचं पाणी मोजायला लिहिलेलं. आणि तळं गोठत नाही. काठावरच्या माणसाला हे बाळगुटीबरोबरच पाजलेलं असतं. बाहेर उणे वीस असो, तळं आपलं निवांत हलत असतं. तळ्याच्या माणसाने पाण्याच्या तापमानाला उणे आकड्यांची जागा ठेवणं म्हणजे तळ्याचा अपमानच. मागच्या महिन्यात घाटाचं काम आलं तेव्हा अगायनी तेच मॉड्यूल उचललं आणि खाली दिव्याची ओळ जोडली. कप्पा तळ्याचा राहिला, दिवा घाटाचा आला. उणे एक त्या कप्प्यात घातला तर काय होईल? ट्रकचा अंतरमापक शून्यावरून एक घर मागे फिरवला तर सगळे नऊ येतात, तसंच काहीतरी. दिवा लागणार नव्हता. बाप थांबणार नव्हता.

तिने अगायकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रूची वाटी बाजूला ठेवली आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती तिसरीतली पोर आहे आणि पाढा चुकली आहे.

"मी स्वतः तपासलंय," ते म्हणाले. "दिवा लागताना या डोळ्यांनी बघितलाय. खाली हालिमालाही विचार, ती साक्षीदार आहे. कंपायलर कधी काराकोलला आला होता?"

त्यांनी स्क्रूची वाटी पुन्हा पुढ्यात ओढली. बुरुलने वाद घातला नाही. मास्तरांना उलटून बोलली असं संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, त्यापेक्षा जास्त म्हणजे तिला स्वतःलाच ते सोसलं नसतं. पहिला प्रोग्राम तिने याच माणसाकडून शिकला होता. पण बापाचं ते हसत बोललेलं वाक्य काही पाठ सोडेना. ती जिना उतरून साक्षीदाराकडे गेली.

हालिमा एजे मूळच्या चीनकडच्या डुंगान लोकांतली बाई, बोलायला तिखट आणि हाताला सढळ. पिठाची थलथलीत पांढरी वडी किसता किसता तिने साक्ष दिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला अगाय खरंच तापमापक घेऊन खाली आले होते. उन्हाळा अजून सरला नव्हता, शून्य कुठून आणायचं? म्हणून त्यांनी शून्याच्या जागी वीस लिहिलं, तापमापक आशल्यान-फूच्या गार रश्शात बुडवला, आकडा विसाच्या खाली आला आणि दिवा लागला. बाहेर काढून मुठीत धरला, दिवा विझला. अगाय खूश झाले, दोन वाट्या आशल्यान-फू खाऊन वर गेले आणि विसाच्या जागी पुन्हा शून्य लिहून मोकळे झाले.

"रस्सा बारा अंश होता," हालिमा म्हणाली. "माझा रस्सा कधी गोठत नाही गं. गोठला तर गिऱ्हाईक येईल का?"

बुरुल बाकावर टेकली. रस्साही शून्याच्या वरचा, तळंही शून्याच्या वरचं. या गावात उणे आकडा मॉड्यूलपर्यंत पोचलाच नव्हता. मग तिची नजर कोपऱ्यातल्या मोठ्या फ्रीजरवर गेली. हालिमाने ती नजर ओळखली आणि आधी हात धुवायला लावले.

बुरुलने कडकपणाची कळ बंद करून अगायच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांच्याच कप्प्यासकट मॉड्यूल बांधलं. तापमापक स्वच्छ पिशवीत गुंडाळला, मटणाच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवला, तार झाकणातून बाहेर काढली आणि पेटी, दिवा आणि लॅपटॉप पिठाच्या पाटावर मांडून दोघी बघत बसल्या. एकवीस. चौदा. सहा. दोन. शून्य. मग क्षणभर काही नाही, आणि मग पडद्यावर आडवा पसरलेला दहा आकडी आकडा.

"किती गं हे?" हालिमाने विचारलं.

बुरुलने बोटाने मोजत वाचलं. "चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे पंच्याण्णव."

"अंश?"

"अंश."

"मग माझं मटण शिजलं असेल एव्हाना," असं म्हणून हालिमाने झाकण उघडून बघितलंसुद्धा.

दिवा विझलेलाच होता. पेटीच्या मते चोन-अशू घाट आता सूर्यापेक्षा तापला होता आणि ट्रक खुशाल हाकायला हरकत नव्हती. बुरुलला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, कारण आता वर जाऊन हे सांगणं भाग होतं. हालिमाने तिचं तोंड बघितलं, जिन्याशी गेली आणि वर हाक मारली की फ्रीजर भलताच तापलाय, जरा येऊन बघा. यंत्र बिघडलंय म्हटल्यावर अगाय थांबणारे नव्हते. ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच खाली आले.

त्यांनी फ्रीजरला हात लावला. गार. तार दिसली, तारेमागे लॅपटॉप दिसला, लॅपटॉपमागे बुरुल मान खाली घालून उभी. सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते पडद्याजवळ गेले, मग मागे सरले, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला.

"वाच," ते म्हणाले.

"अगाय, तुम्हीच बघा ना." तिला वाटलं, आकडा त्यांच्या डोळ्यांनी दिसला तर तिला बोलावं लागणार नाही.

"पोरी, मला तो दिसत असता तर तुला वाच म्हटलं असतं का?"

दोन वर्षं झाली होती, अगायनी हळू आवाजात सांगितलं. हाताने चाचपायचं काम जमतं, स्क्रू बोटांना कळतो, आपण लिहिलेल्या ओळी पाठ असतात. पण कंपायलर जे धडाधड लिहितो ते नुसतं राखाडी धुकं दिसतं. डॉक्टर मोतीबिंदू म्हणतात, बिश्केकला जा म्हणतात. आणि मास्तरला पडद्यावरचं वाचता येत नाही हे विद्यार्थ्यांना कळलं तर कार्यशाळेत राहिलं काय? म्हणून सासूची गोष्ट सांगायची आणि बंद कर म्हणायचं.

बुरुलला आतून कळवळून आलं. तिने खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. मग एकतिसावी वॉर्निंग, अगदी शब्द न् शब्द: कोणती फाईल, कितवी ओळ, कोणती अट, का कधीच खरी ठरणार नाही. अगाय डोळे मिटून ऐकत होते. अट संपायच्या आत त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं, मग खांदे हलायला लागले.

"तळ्याचा कप्पा," ते म्हणाले. "मी घाटाला तळ्याचा कप्पा दिला. हालिमा, ऐकलंस? चार पोरं माझ्या हाताखालून प्राध्यापक झाली आणि मी रश्शात घाट तपासला."

"माझ्या रश्शाला नावं ठेवायची नाहीत," हालिमाने बजावलं आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला, पेला अर्धाच भरून, म्हणजे बसा अजून.

दुरुस्ती होती एका शब्दाची. चाळिसाव्या ओळीतला 'फक्त शून्यावरचे' असं सांगणारा तो शब्द बुरुलने खोडला. कडकपणाची कळ परत चालू केली. कंपायलरने या खेपेला काही म्हणजे काही म्हटलं नाही, मॉड्यूल बांधून हातात दिलं. फ्रीजरमधून आकडे उतरत आले: शून्य, उणे एक, उणे नऊ, उणे अठरा. उणे एकलाच लाल दिवा लागला होता. अगायना आकडा दिसत नव्हता, पण दिवा दिसला. त्यांनी त्यावर तळहात ठेवला, बोटांच्या कडा लाल दिसेपर्यंत.

आता राहिली नोंद. कर्नलची कामं करणाऱ्या जगभरातल्या माणसांची एक रीत आहे: काही दुरुस्त केलं की खाली लिहायचं, ही चूक कोणत्या जुन्या नोंदीतून आली, ती कुणाची. अगायनीच ही रीत वर्गात शिकवली होती आणि ती ओळ नसेल तर वही परत फेकत असत. बुरुलने नोंद लिहिली, काय चुकलं, काय बदललं, सगळं लिहिलं, आणि ती एक ओळ लिहायची टाळून नोंद बंद करायला निघाली.

"थांब," अगाय म्हणाले. पडदा दिसत नसला तरी बोटांचा आवाज त्यांना नीट कळत होता. "कुणाची चूक, ते लिहिलं नाहीस."

"अगाय, ही नोंद कायम राहते. उद्या कुणीही उघडून वाचेल."

"म्हणून तर. तळ्याची नोंद घेऊ नकोस, ती बरोबर होती, तिच्यावर आळ नको. मागच्या महिन्यातली घे, घाटाची. तीही माझीच. सोव्हेतबेक असानालिएव्ह. लिही. स्पेलिंगची चूक झाली तर परत करीन."

बुरुलने लिहिलं. अक्षर न् अक्षर बरोबर आलं.

"आणि सापडली कुणाला?"

"कंपायलरला," ती म्हणाली.

"त्याला तर महिनाभर रोज सापडत होती. ऐकली कुणी?"

मग तिने तिथे आपलं नाव लिहिलं आणि सगळी नोंद त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवली. अगायनी मान हलवली. वर्गात पैकीच्या पैकी देताना ते अशीच मान हलवत, आणि तशी मान बुरुलने तंत्रशाळेच्या चार वर्षांत फक्त दुसऱ्यांच्या वाट्याला आलेली पाहिली होती. तिचा जीव सुपाएवढा झाला.

शुक्रवारी पेटी घाटात बसली. शनिवारी सकाळी साडेआठला बुरुल अगायना त्या दिवसाच्या वॉर्निंग वाचून दाखवत होती, तेवढ्यात फोन वाजला. कासिमाली होते. मागे वाऱ्याचा आवाज, इंजिनं बंद, माणसं हसताहेत.

"तुझा दिवा लागलाय," बाप म्हणाला. "मी थांबलोय. माझ्यामागे सहा ट्रक थांबलेत. वर रस्ता कोरडा दिसतोय म्हणून एकजण निघाला होता, त्याला मी गाडीतून खाली ओढलं. पुढे चालत जाऊन बघितलं तर तिसऱ्या वळणावर काच. पाय ठेवला आणि बसलोच. साखळ्या बांधतोय आता."

बुरुलने फोन अगायच्या कानाशी धरला.

"कासिमाली," अगायनी विचारलं, "दिव्याखाली आकडा किती आहे?"

"उणे चार."

"नीट बघून सांग. उणे आहे ना?"

"उणे आहे, अगाय. ठसठशीत उणे आहे."

अगायनी फोन परत दिला आणि चष्मा काढून रुमालाने बराच वेळ पुसला. मग बिश्केकची गाडी किती वाजता सुटते ते त्यांनी विचारलं. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला हवी होती. बुरुल म्हणाली, मी येते बरोबर.

"ये," ते म्हणाले. "पण आधी त्या उरलेल्या दोन वॉर्निंग वाच."